गडी बाद झाला, फोटो मात्र हलला

थंडी पडली की बडोद्यातल्या शाळांचे क्रीडामहोत्सव सुरू होतात आणि मैदानाच्या कडेला आई-बाबा, आजी-आजोबा मोबाइल उंचावून उभे दिसतात. मुलांच्या खेळाचे फोटो या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. त्यांतले निवडक प्रश्न आणि आमच्या छायाचित्र विभागाने दिलेली उत्तरं इथे देत आहोत. ‘कोणता फोन घ्यावा?’ अशी विचारणा करणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. गेल्या चार-पाच वर्षांतल्या बऱ्यापैकी फोनवर इथलं बहुतेक सगळं जमतं. अडतं ते उभं राहण्याच्या जागेवर, आणि संध्याकाळ झाली की उजेडावर.

मुलगी शाळेच्या खो-खो संघात आहे. एका सामन्यात दोनशे फोटो काढले, धड एकही नाही. कुठे पाय पुसलेले, कुठे मुलगी चौकटीबाहेर, कुठे नुसती पाठ. फोन चांगला महागाचा आहे. चुकतं कुठे?
— एक आई, दांडिया बाजार

या एका तक्रारीत तीन वेगळे दोष आहेत आणि तिन्हींवर उपायही वेगळे.

पाय पुसले जातात ते शटर हळू असल्यामुळे. दहा-बारा वर्षांची मुलगी जोरात धावते तेव्हा सेकंदाला साधारण ५ मीटर अंतर कापते. शटर १/५० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात ती १० सेंटिमीटर पुढे सरकते, १/५०० ला १ सेंटिमीटर आणि १/१००० ला अर्धा. हात-पाय धडापेक्षा जास्त वेगाने हलतात, म्हणून चेहरा बरा येतो आणि पावलं गायब होतात. धावत्या मुलांसाठी १/५०० हा किमान आकडा धरा, सूर मारणारीसाठी १/१०००. स्वच्छ उन्हात याची काळजीच नको, तिथे फोन आपणहून हजाराच्या पुढे जातो. गडबड होते ती कडुनिंबाच्या सावलीतल्या मैदानावर आणि संध्याकाळी पाचनंतर. डिसेंबरात बडोद्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेचारला सुरू झालेला सामना चांगल्या उजेडात सुरू होऊन अंधूक उजेडात संपतो, आणि अंतिम सामना नेमका शेवटी असतो.

चौकटीबाहेर जाण्याचं कारण उशीर. डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत पाव सेकंद जातो. तेवढ्यात ती सव्वा मीटर पुढे गेलेली असते. ‘आता!’ असं वाटल्यावर बटण दाबलं की हातून क्षण गेलाच. अर्धा सेकंद आधीपासून सलग फोटो घ्यायला सुरुवात करावी लागते. त्याची रीत पुढच्या उत्तरात आहे.

पाठ येते ती जागा चुकल्यामुळे, आणि इथे खो-खोचे नियम ठाऊक असण्याचा फायदा महागड्या फोनपेक्षा मोठा आहे. पाठलाग करणारीला मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की खांबापलीकडच्या मोकळ्या भागात पोहोचेपर्यंत मागे वळता येत नाही. म्हणजे ती खांबाकडे सुटली की पुढे दोनच गोष्टी होऊ शकतात: वाटेत खो देईल किंवा खांबापर्यंत येईल. इतकं आधी कळणारा खेळ फोटो काढणाऱ्याला क्वचितच मिळतो.

जागा अशी घ्या. मोठ्यांचं मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं, शाळेत जागेनुसार ते लहान आखतात. खांबापलीकडच्या शेवटच्या रेषेच्या बाहेर तीन-चार मीटरवर, पण खांबाच्या अगदी समोर न बसता थोडं तिरपं, गुडघ्यावर बसा. खांब जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर उंच असतो. फोन त्याच्या दोन तृतीयांश उंचीवर, म्हणजे ८० ते ८५ सेंटिमीटरवर धरा. उभं राहून काढलेल्या फोटोत मुलांची डोकी आणि माती दिसते, बसून काढलेल्यात चेहरा आणि मागची गर्दी. खांबावर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही तिथेच पक्के होतील. मुलगी खांबापासून दोन मीटरवर आली की बर्स्ट, म्हणजे सलग फोटो, सुरू करा. फोनमध्ये मूळ सेन्सर ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा असेल तर २एक्स, म्हणजे दुप्पट झूम, लावा. त्या अंतरावर खांब, हात आणि चेहरा अशी तिन्ही बसतात.

रेषेला चिकटून मात्र बसू नका. खांबावर सूर मारणारी मुलगी घसरत पुढे येते, आणि स्क्रीनकडे बघणाऱ्या माणसाला ती किती जवळ आली ते कळत नाही. बसण्याआधी पंचांना विचारा.

खो मिळतानाचा फोटो हवा असेल तर बाजूच्या रेषेवर जा. आठ चौरसांत बसलेल्या शेजारच्या दोघींची तोंडं विरुद्ध बाजूंना असतात. एका बाजूने चौघींचे चेहरे दिसतात, चौघींच्या पाठी. खो देणारी उठलेलीच्या जागी बसते, त्यामुळे तुमची मुलगी सामनाभर जागा आणि दिशा बदलत राहते. तिच्यामागे कॅमेरा फिरवत बसण्यापेक्षा आपल्याकडे तोंड असलेला एक चौरस निवडा, त्यावर फोकस पक्का करा आणि ती तिथे येऊन बसण्याची वाट पाहा. पाठीवर हात पडतो, ‘खो’ ऐकू येतं आणि बसलेली उसळते, त्या अर्ध्या सेकंदात चेहऱ्यावर जे दिसतं ते धावताना दिसत नाही.

ती संरक्षण करत असेल तर तिघींच्या तुकडीत मैदानात उतरते आणि पट्टीच्या दोन्ही बाजूंनी नागमोडी पळते. तिथे खांबाचा हिशेब चालत नाही. मैदानाच्या कोपऱ्यात बसा आणि ती हूल देऊन वळते तेव्हाचे फोटो घ्या. वळताना वेग क्षणभर पडतो, म्हणून पावलंही स्पष्ट येतात.

बर्स्ट कसा काढायचा? बटण दाबून धरलं की व्हिडिओच सुरू होतो.
— सयाजीगंज

प्रत्येक कंपनीने ही सोय वेगळीकडे ठेवली आहे. आयफोनच्या २०१८ नंतरच्या मॉडेलांत फोन उभा धरून शटरचं गोल बटण डावीकडे ओढून तसंच धरायचं. नुसतं दाबून धरलं तर व्हिडिओ सुरू होतो, तुमचं तेच होत असणार. सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या पानावर आवाज वाढवायचं बटण बर्स्टसाठी ठेवण्याचा पर्याय आहे. तो सुरू करा, कारण पळापळीत स्क्रीनवरचं बोट घसरतं आणि बाजूचं बटण घसरत नाही. सॅमसंगमध्ये शटर फोनच्या कडेकडे ओढून धरायचं, पण आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये या ओढण्याला ‘बर्स्ट’ हे काम दिलेलं आहे का ते पाहा. इतर अँड्रॉइड फोनांत बटण दाबून धरल्यावर काय व्हावं हे बहुतेक वेळा सेटिंगमध्येच ठरवता येतं.

वेग साधारण सेकंदाला दहा फोटोंचा असतो. एका वेळी दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. तात्पुरती जागा भरली की फोन अडखळतो, आणि नेमका तेव्हा गडी बाद होतो. त्याच संध्याकाळी बसून प्रत्येक बर्स्टमधले एक किंवा दोन ठेवा, बाकीचे काढून टाका. उद्यावर ढकललेलं हे काम दिवाळीपर्यंत होत नाही.

एक गैरसमज इथेच दूर करू. आयफोनमधला ‘ॲक्शन मोड’ व्हिडिओतला हादरा कमी करण्यासाठी आहे. त्याने धावणाऱ्या मुलाचा फोटो स्पष्ट होत नाही.

नातू क्रिकेट खेळतो. १०एक्स झूम करूनही तो ठिपक्यासारखा आणि रंग फासल्यासारखा दिसतो. झूम असून उपयोग काय?
— एक आजी, गोत्री

आजी, झूम दोन प्रकारचा असतो. एकात खरी वेगळी लेन्स असते. दुसऱ्यात फोन मधला तुकडा कापून मोठा करतो आणि मधल्या जागा अंदाजाने भरतो. तुम्हाला दिसतो तो ‘फासलेला रंग’ म्हणजे हा अंदाज.

हिशेब करून पाहू. १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा असतो. साध्या मुख्य लेन्सने २० मीटरवरून काढला तर १२० सेंटिमीटर उंचीचं मूल त्यात जेमतेम १७० पिक्सेल उंच येतं. ८ मीटरवर गेलात तर ४२०. तीनपट खरी लेन्स असेल तर २० मीटरवरूनच सुमारे ५००. १०एक्सची खरी लेन्स नसलेल्या फोनवर १०एक्स लावता तेव्हा ते १७० पिक्सेलच ताणले जातात, नवे येत नाहीत. पोस्टकार्ड आकाराच्या, म्हणजे ४ बाय ६ इंचांच्या चांगल्या छपाईला पूर्ण चौकटीत १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. म्हणून थोडं कापलं तरी चालतं, पण १७० पिक्सेलांचा नातू भिंतीवर टांगता येत नाही.

तुमच्या फोनमध्ये खरी लेन्स कामाला लागली आहे का हे घरीच तपासा. ३एक्स लावा आणि मागच्या लेन्सवर एकेक करून बोट ठेवा. ज्या लेन्सवर बोट ठेवल्यावर स्क्रीन काळी होते ती चालू आहे. हेच संध्याकाळी दिवा मंद करून पुन्हा करा. उजेड कमी झाला की बरेच फोन गुपचूप मुख्य लेन्सवर येतात आणि तिचाच तुकडा कापून देतात, स्क्रीनवर मात्र ३एक्सच लिहिलेलं असतं.

आता क्रिकेट. सीमारेषेवरून खेळपट्टी ५०-६० मीटर दूर असली तर ३एक्सनेही नातू दोनशे पिक्सेलांचाच येणार. फलंदाजीच्या फोटोचा नाद मोबाइलने सोडावा हे आमचं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी तो पॅड बांधताना, आत जाताना ग्लव्हज घट्ट करताना, पाणी पिण्याच्या वेळेला आणि क्षेत्ररक्षण करताना टिपा. लहान मुलांना बहुतेकदा सीमारेषेजवळच उभं करतात, ते आयतंच तुमच्यापासून दहा मीटरवर येतं.

फलंदाजी हवीच तर नेटमध्ये काढा. नातू उजव्या हाताने खेळत असेल तर त्याची छाती ऑफ साइडकडे असते. म्हणून जाळीच्या त्या बाजूला उभं राहा, दुसऱ्या बाजूला फक्त खांदा आणि हेल्मेटची मागची बाजू मिळेल. लेन्स जाळीच्या एका भोकाला टेकवा. दोर लेन्सच्या इतका जवळ आला किंवा भोक लेन्सभोवती बसलं की जाळी फोटोतून नाहीशी होते. हातभर मागे उभं राहिलात तर फोकस जाळीवर बसतो आणि नातू धूसर होतो. टेकवण्याआधी एवढं पाहा की जाळी सैल नाही, कारण सैल जाळीला लागलेला सीझन बॉल तिला हातभर बाहेर ढकलतो. फोन टेकवायचा तो बाजूच्या जाळीला, फलंदाजाच्या मागच्या जाळीला कधीच नाही.

मुलगा बॅडमिंटन खेळतो, हॉल बंदिस्त आहे. फोटो पिवळे, दाणेदार, आणि काहींवर आडवे काळे पट्टे. फोन बिघडला आहे का?
— कारेलीबाग

फोन ठीक आहे. हॉलमध्ये उजेड नाही, आणि आहे तो लुकलुकतो.

भर उन्हात उजेड लाख लक्सच्या घरात जातो, हॉलमध्ये तो तीनशे ते पाचशे असला तरी पुष्कळ. डोळ्याला हा फरक जाणवत नाही कारण बाहुली मोठी होते. फोनच्या लेन्सला बाहुली नसते, बहुतेक फोनांत तिचं छिद्र कायमचं ठरलेलं असतं. सव्वातीनशे लक्सच्या हॉलमध्ये एफ १.८ च्या मुख्य लेन्सला (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १०० असताना १/४० सेकंद लागतो. १/५०० हवा तर आयएसओ बाराशेच्या पुढे न्यावा लागतो आणि दाणे तिथूनच येतात. एफ २.८ च्या झूम लेन्सने तेच केलं तर आयएसओ तीन हजारांवर जातो. हॉलमध्ये झूम लेन्सला हात लावायचा नाही तो यासाठी. चालत जवळ जा.

पट्ट्यांचं कारण आपली वीज. ती सेकंदाला ५० आवर्तनांची असते, म्हणून साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. फोन चित्र एका दमात टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर १/१०० पेक्षा जलद झालं की काही ओळी दिवा तेज असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. त्या मंद ओळी म्हणजे तुमचे पट्टे. चांगल्या दर्जाच्या एलईडी दिव्यांत हे होत नाही, स्वस्त दिव्यांत हमखास होतं. सामन्याच्या आधी वॉर्म-अप चालू असताना पुढे दिलेला क्रम करून पाहा.

१. प्रो मोडमध्ये, म्हणजे आकडे हाताने ठरवायच्या मोडमध्ये, शटर १/५०० करा आणि पांढऱ्या भिंतीचे चार-पाच फोटो घ्या.
२. पट्टे नसतील तर शटर १/२५० ते १/५०० च्या दरम्यान ठेवा. पट्टे असतील तर १/१०० वर या. तिथे पट्टे जातील, पण पळणारा मुलगा हलेल.
३. मुलाच्या पांढऱ्या टी-शर्टवरच्या सुरकुत्या दिसत राहतील इतपतच आयएसओ वाढवा. फोटो किंचित काळपट आला तर नंतर उजळता येतो, पांढरा फटक झालेला भाग परत येत नाही.
४. व्हाइट बॅलन्स, म्हणजे दिव्याच्या रंगाप्रमाणे रंग जुळवणं, आपोआपवर सोडू नका. पिवळट दिव्यांना ३०००-३५००, पांढऱ्या एलईडीला ५०००-६५०० केल्विन. एकदा ठरवलं की सामनाभर तेच.
५. नाइट मोड बंद, फ्लॅश बंद. नाइट मोड सेकंद-दोन सेकंद उजेड गोळा करतो, तेवढ्यात रॅली संपते. फ्लॅश दोन-तीन मीटरपलीकडे पोहोचत नाही, समोरच्या खेळाडूच्या डोळ्यांवर मात्र येतो.

बऱ्याच फोनांत प्रो मोडमध्ये बर्स्ट चालत नाही, आणि आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात शटरचा आकडा हाताने ठरवण्याची सोयच नाही. त्यासाठी वेगळं कॅमेरा ॲप घ्यावं लागतं. काहीही केलं तरी १/१०० वर अडकलात तर खेळातली ती क्षणं शोधा जिथे शरीर थांबतं. सर्व्हिसच्या आधी शटल बोटांत धरलेली असते तेव्हा, समोरच्याची सर्व्हिस घ्यायला गुडघे वाकवून उभा असतो तेव्हा, आणि उडी मारून स्मॅश करताना अगदी वरच्या टोकाला. वर जाणारं शरीर खाली येण्याआधी क्षणभर अधांतरी थांबतं, तिथे १/१०० लाही चेहरा धरून ठेवता येतो. रॅकेट पुसली जाईल, ती जाऊ द्या. पुसलेल्या रॅकेटमुळे वेग दिसतो, पुसलेल्या चेहऱ्यामुळे फोटो वाया जातो.

उभं राहायचं ते नेटच्या खांबाजवळ नाही, समोरच्या कोर्टाच्या मागच्या कोपऱ्याबाहेर. तिथून मुलाचा चेहरा नेटवरून सरळ दिसतो.

दुपारी बाराच्या सामन्यात सगळ्या मुलांचे चेहरे काळे येतात.
— वाघोडिया रोड

डोक्यावरचं ऊन आणि टोपी. चेहऱ्यावर बोट ठेवून फोकस करा आणि शेजारी सूर्याचं चिन्ह दिसेल ते थोडं वर सरकवा. मागचं आभाळ पांढरं पडेल, पडू द्या. मातीचं मैदान असेल तर खाली बसून काढा, मातीवरून परतणारा उजेड टोपीखाली पोहोचतो. हिरवळीवर हा लाभ कमी. निवड तुमच्या हातात असेल तर सकाळी साडेनऊच्या आतले सामने गाठा. सूर्य मुलांच्या पाठीमागे ठेवून बघा, खो-खोतल्या सुरानंतर उडालेली धूळ मागच्या उन्हात सोन्यासारखी पेटते.

धावणाऱ्याला दोन हात किंवा कडेने भुतासारखी सावली दिसत असेल तर दोष उन्हाचा नाही, एचडीआरचा आहे. एका फोटोसाठी फोन चार-पाच चित्रं घेऊन जोडतो आणि त्या दरम्यान हात हललेला असतो. सेटिंगमध्ये ते बंद करता आलं तर करा. बर्स्टमध्ये हे जोडकाम बहुधा कमी होतं.

नात मल्लखांब शिकते. फोटोत खांब तिरका आणि ती खांबाच्या मानाने अगदीच छोटी दिसते.
— एक आजोबा, रावपुरा

आजोबा, बडोद्यात मल्लखांबाचा फोटो चुकवून चालणार नाही, जुम्मादादा व्यायाम मंदिराचं गाव आहे हे. तुमचं चुकतंय ते फार जवळ उभं राहून फोन वर उचलण्यात. खांब जमिनीवर अडीच मीटरच्या आसपास, त्यावर नात, म्हणजे चौकट साडेचार मीटर उंच हवी. साध्या लेन्सने ती तीन मीटरवरून बसते, पण तिथून फोन मागे कलवावा लागतो. पाय मोठे, डोकं इवलंसं आणि खांब मागे पडल्यासारखा दिसतो. साडेसहा मीटर मागे जा, फोन उभा धरून २एक्स लावा. तितकीच उंची मिळेल आणि प्रमाण बिघडणार नाही. कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेषा सुरू करून खांब उभ्या रेषेला समांतर ठेवा. चौकटीच्या कडेला खांब नको, रुंद लेन्स कडेच्या सरळ रेषा वाकवते.

शटर खेळाप्रमाणे बदलतं. सलामी आणि वरचे ताजवे (खांबाच्या टोकावरचे तोल) स्थिर असतात, तिथे १/२५० पुरतो आणि एक-एक फोटो शांतपणे घेता येतो. अढी (पायांचा खांबाला विळखा) बांधताना आणि दसरंग करताना शरीर झपाट्याने फिरतं, तिथे १/१००० आणि बर्स्ट. कोणत्या क्रमाने काय करणार ते तिला आधी विचारून घ्या, सरावाचा क्रम मुलांना पाठ असतो. फ्लॅश कधीही नको. वर तोल सांभाळणाऱ्या मुलीच्या डोळ्यांवर झोत पडला तर पडण्याची भीती असते. आणि खेळून आल्यावर तिला फोन देण्याआधी हात पुसायला लावा. खांबाचं एरंडेल लेन्सला लागलं की सगळे फोटो धुक्यातले येतात आणि दोष भलत्यालाच दिला जातो.

लेन्स ओढणीने पुसली तर चालते का?
— फतेगंज

मैदानावर नाही. ओढणीत मातीचे कण असतात, ते घासले जातात. आधी फुंकर मारून किंवा हवेच्या रबरी पंपाने धूळ उडवा, मग चष्म्याच्या स्वच्छ कापडाने हलक्या हाताने पुसा.

मे महिन्याच्या शिबिरात फोन तापला, स्क्रीन मंद झाली, रेकॉर्डिंग बंद पडलं. घरी आल्यावर फ्रीजमध्ये ठेवू का?
— मांजलपूर

फ्रीजमध्ये मुळीच नको. थंड फोन बाहेरच्या दमट हवेत आला की आत पाणी साचतं. आयफोनसाठी कंपनीने ० ते ३५ अंश सेल्सियसची हवा सांगितली आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणजे फोन सुरुवातीपासूनच मर्यादेबाहेर काम करतो. कव्हर काढा, पॉवर बँक लावलेली असेल तर ती काढा, फोन सावलीत ठेवा आणि सामन्याच्या मधल्या वेळात कॅमेरा ॲप बंद करा. सलग फोर-के व्हिडिओ घेणं हा फोन तापवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

व्हिडिओच घेतला आणि नंतर त्यातून फोटो काढला तर सोपं नाही का?
— अलकापुरी

सोपं आहे आणि उन्हात चालतंही. फोर-के व्हिडिओतली एक चौकट ३८४० बाय २१६० म्हणजे सुमारे ८ मेगापिक्सेलची असते, पोस्टकार्ड छपाईला भरपूर. ६० एफपीएसवर (सेकंदाला ६० चौकटी) घ्या, तीसवर नको. अडचण उजेडाची. कमी प्रकाशात व्हिडिओचा शटर १/६० पर्यंत उतरतो आणि साठच्या साठ चौकटी हललेल्या निघतात. शिवाय आयफोनवर अशा व्हिडिओला मिनिटाला सुमारे ४०० एमबी लागतात, तासाभराच्या सामन्यात २४ जीबी.

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले की फोटो खराब होतात. आणि इतर मुलांचे फोटो टाकावेत का?
— एक बाबा, निझामपुरा

व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. पाठवताना वर ‘एचडी’ निवडलं तर बरा जातो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर जसाच्या तसा. पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोबरोबर तो कुठे काढला त्या जागेची नोंदही जाते. साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून ती निघून जाते. मुलांच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंदच ठेवावं.

इतर मुलांबद्दल: खेळाच्या फोटोत प्रतिस्पर्धी येणारच, त्याला इलाज नाही. पण पडलेल्या, रडणाऱ्या, बाद झाल्यावर डोकं धरून बसलेल्या दुसऱ्याच्या मुलाचा फोटो कितीही चांगला आला तरी ग्रुपवर टाकू नका. तो त्या मुलाच्या आई-बाबांना वेगळा पाठवा आणि ठेवायचा की नाही ते त्यांना ठरवू द्या. सार्वजनिक ठिकाणी टाकायचा असेल तर शाळेचं नाव आणि मुलाचं नाव एकाच फोटोत दिसत नाही ना ते पाहा, टी-शर्टच्या पाठीवर बहुधा दोन्ही छापलेली असतात.

ट्रॉफीसोबतच्या ग्रुप फोटोत कडेची मुलं जाड का दिसतात?
— तरसाली

०.५एक्सच्या रुंद लेन्समुळे. तीन पावलं मागे जाऊन १एक्सने काढा, दोन्ही टोकांच्या मुलांना थोडं पुढे घेऊन रांग कमानीसारखी वळवा, आणि ट्रॉफी सगळ्यात बुटक्या मुलाच्या हातात द्या, नाहीतर ती कुणाच्या तरी चेहऱ्यावर येते.